पोपटानं गिळलेल्या पाच कंपन्या

१

रविवारी सकाळी ताईच्या जेवणाच्या टेबलावर पाच कंपन्या हरवल्या. एक रंगाची, एक पंपांची, एक कुलपांची, एक शिवणाच्या दोऱ्याची आणि एक बिस्किटांची.

आता कंपनी म्हणजे काही किल्ली नव्हे, सोफ्याच्या फटीत गेली म्हणायला. तेव्हा आधी घरच्यांची ओळख करून देतो. ताई माझी थोरली बहीण. तिचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांना शेअरचा नाद होता; जुगाराचा नव्हे, अभ्यासाचा. एकेक कंपनी हेरायची, तिचा माल वापरून बघायचा, ताळेबंद वाचायचा आणि मनाला पटली तरच थोडे शेअर घ्यायचे, असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललं होतं. दाजी गेले आणि सगळं ताईच्या नावावर झालं. त्यावर लक्ष ठेवायचं काम ताईच्या दिरांनी न सांगता अंगावर घेतलं. त्यांना आम्ही सगळे काका म्हणतो. काकांची मोटार शिकवायची शाळा आहे. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून आपल्या पायाखालचा दुसरा ब्रेक दाबण्यात त्यांचा जन्म गेला, आणि ताईच्या संसारातही त्यांचा एक पाय कायम त्या ब्रेकवर असतो. माणूस सोन्यासारखा, पण ब्रेक दाबल्याशिवाय राहवत नाही.

गेल्या महिन्यात काकांनी जाहीर केलं, की शेअर सांभाळणं आता आपल्याच्यानं होत नाही. सगळेच्या सगळे विकून टाकावेत आणि पैसे बँकेत ठेवावेत. ताई म्हणाली, तुम्ही दाखवाल तिथे सही करते. माझी भाची मात्र उसळली. बाबांनी पारखून घेतलेल्या कंपन्या अशा रद्दीसारख्या किलोवर घालायच्या नाहीत, असं तिचं म्हणणं. शेवटी तह झाला. एकेका शेअरचा अभ्यास करायला आणि त्यावर नजर ठेवायला हल्ली सॉफ्टवेअर मिळतात. त्यातलं एक सगळ्यांच्या पसंतीनं निवडायचं. त्यावर विश्वास बसला तर शेअर राहतील, नाही बसला तर सोमवारी बाजार उघडताच काका ते विकून मोकळे होतील.

भाचीनं ताईच्या टॅबवर तीन सॉफ्टवेअर चाचणीसाठी घातली. त्यांची खरी नावं कोणाच्या लक्षात राहीनात, म्हणून आम्ही चित्रांवरून हाका मारू लागलो. एक होतं भिंग. ते कंपनीची जुनी विक्री, नफा, कर्ज सगळं खणून दाखवायचं आणि कोणी कधी काय केलं याची नोंदही ठेवायचं, पण होतं इंग्रजीत आणि वर्षाची फी घेणारं. दुसरी घंटा. ती फुकट होती आणि त्या मानानंच वागायची. भाव जरा हलला की टणटण वाजायची. तिसरा पोपट, दिसायला सोपा, खिशाला हलका आणि हवं तर मराठीत येणारा. गेल्या आठवड्याच्या मध्यावर भाचीनं आईला सोपं जावं म्हणून पोपटाची भाषा मराठी केली. तेव्हा यादीतल्या प्रत्येक कंपनीच्या ओळीच्या टोकाला एक छोटं बटण दिसू लागलं: ‘काढा’. मी विचारलं, भाव पडून ज्यांना पडसं होतं त्यांच्यासाठी का हा? कोणी हसलं नाही. माझे विनोद घरात असेच वाया जातात.

तर रविवारी मतदान होतं. ताईनं चहा आणला. सोबतची बिस्किटं कुठली तरी नवीनच होती. नेहमीची दुकानात येत नाहीत म्हणाली. भिंतींच्या नव्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. भाचीनं पोपट उघडला, यादीवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

“यात पाच नावं नाहीत,” ती म्हणाली.

काका चष्मा लावून पुढे वाकले. त्यांचं पहिलं वाक्य होतं, “दादाचा पंपसुद्धा गेला?”

माझ्या बायकोनं आधी भाचीला खरं शेअर खातं उघडायला लावलं. तिथे पाचही कंपन्या जागच्या जागी होत्या. म्हणजे चोरी झालेली नव्हती. फक्त पोपटाच्या यादीतून नावं उडाली होती. पण काकांना तेवढं पुरलं. आज नावं उडाली, उद्या काय उडेल याचा भरवसा काय, असं म्हणून त्यांनी टेबलावर तळहात टेकला, म्हणजे ब्रेक दाबला. सोमवारी सगळं विकायचं. भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. ताई कप गोळा करत म्हणाली, “येतील हो परत. जाऊन जाऊन जातील कुठे?” तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

तेव्हा आमची ही बोलली. “मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. नावं आपली आपण उडत नाहीत. कोणाच्या तरी बोटानं ती उडाली आहेत, आणि ते बोट बाहेरचं नाही.”

२

हिच्याबद्दल सांगायला हवं. मी दाताचा डॉक्टर. लोकांना तोंड उघडायला लावणं हा माझा धंदा. उघडलेल्या तोंडातून खरं बाहेर आणणं हा हिचा. निवृत्त होईपर्यंत ती विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. जळलेली गोदामं, बुडालेल्या गाड्या, हरवलेले दागिने, सगळं तिनं पाहिलंय. ‘तुम्ही केलंत का?’ असं ती कधीच विचारत नाही. इकडच्यातिकडच्या गप्पा मारते आणि समोरचा कुठला शब्द वापरतो ते ऐकते. तीस वर्षांच्या संसारात मी एकदाही तिच्यापासून काही लपवू शकलो नाही, आणि आता प्रयत्नही करत नाही. सुखाचा मार्ग तोच आहे.

संशयित मोजकेच होते. टॅब आठवडाभर ताईच्या टेबलावर पडून होता, उघडायचा आकडा चिकटवला होता फ्रिजवर. आल्यागेल्यातले काका, सॉफ्टवेअर पारखायला भाचीनं बोलावलेले खालच्या मजल्यावरचे गणिताचे मास्तर, भाची आणि अस्मादिक, एवढ्यांनीच त्याला हात लावला होता.

आम्ही आधी काकांच्या शाळेत गेलो. रविवारी तिथे गर्दी असते. भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात कापून उघडा केलेला गिअरबॉक्स, बाकावर हातात अर्ज धरलेली घाबरलेली माणसं. काकांनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं आणि स्वतःच विषयाला हात घातला.

“इन्स्पेक्टरबाई, तुमचा संशय माझ्यावर असणार. असू द्या. पोपट मला नकोच होता, ते मी तोंडावर सांगितलंय. पण मला नावं काढायचीच असती, तर सगळी काढली असती. पाचच कशाला?”

हिनं मान डोलावली. युक्तिवाद बिनतोड होता. मग तिनं विचारलं, ते शेवटचं टॅबकडे कधी फिरकले होते. काका म्हणाले, शुक्रवारी. घंटा उघडली, ती वाजायला लागली म्हणून बंद केली. मग पोपट पाहिला. तेव्हा पाचही नावं होती का ते त्यांना सांगता येईना. पण पंप नक्की होता.

“पंपाचंच बरं लक्षात राहिलं?” ही म्हणाली.

काका खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर एक बाई गाडी मागे घेताना कुंडीवर चढवत होत्या. “मी आधी तोच बघतो,” एवढं बोलून ते त्यांना वाचवायला धावले. बाईंना की कुंडीला, ते कळलं नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, काका सुटले. ही म्हणाली, सुटले की नाही ते मास्तरांवर अवलंबून आहे.

३

मास्तर ताईच्या बरोबर खाली राहतात. जिन्यावर ओल्या बुटांचे वाळलेले ठसे होते. इमारतीचा पाण्याचा पंप शनिवारीच बदलला होता आणि प्लंबर दिवसभर वरखाली करत होता. मास्तरांच्या खोलीत आलेखाच्या कागदांचे गठ्ठे, आणि प्रत्येक गठ्ठ्यावर एक बोका. नाही, तीन गठ्ठे आणि एकच बोका, पण तो सारखा जागा बदलत होता.

मास्तर भिंगाचे पुरस्कर्ते. पोपट हरला तर भिंग जिंकणार, हे उघड होतं. म्हणजे हेतू होताच. पण त्यांनी उलट पोपटाची तारीफ सुरू केली. त्यांनी तिन्ही सॉफ्टवेअरची परीक्षा घेतली होती. एखादी कंपनी एका शेअरवर एक शेअर बोनस देते, तेव्हा शेअर दुप्पट होतात आणि भाव निम्म्यावर येतो. मालकाचं नुकसान काहीच होत नाही. घंटेला हे कळलं नाही. निम्मी मालमत्ता बुडाली म्हणून ती बोंबलत सुटली. भिंग आणि पोपट दोघांनी गणित बरोबर सोडवलं. “पोपटाला मी पैकीच्या पैकी दिलेत,” मास्तर म्हणाले. “मत भिंगाला देणार, पण पोपट नापास नाही.”

ज्या माणसाला खोटे मार्क देववत नाहीत, तो खोटी यादी करील असं मला वाटेना. गेलेल्या पाच कंपन्यांमध्ये समान धागा कोणता, यावरही मास्तरांनी डोकं चालवलं होतं. तोट्यातल्या म्हणाव्यात, तर रंगाची कंपनी जोरात होती. अक्षरांच्या क्रमानं म्हणावं तर नाही, जुन्या-नव्या म्हणावं तर तेही नाही. एका धंद्यातल्या तर मुळीच नाहीत. त्यांच्या मते हा शुद्ध योगायोग होता आणि गणिताच्या माणसाला योगायोग मान्य करायला काही लाज वाटू नये.

निघताना ते सहज म्हणाले, “तरी शनिवारी सकाळी मी गेलो तेव्हा तीनच गेलेल्या होत्या.”

ही दारातून परत फिरली.

“रंग, कुलूप आणि दोरा,” मास्तर म्हणाले. “मला वाटलं, काकांनी विकायला सुरुवात केली. लोकांच्या घरातल्या गोष्टी, म्हणून बोललो नाही. पंप आणि बिस्किटं तेव्हा होती.”

म्हणजे नावं एका दणक्यात गेली नव्हती. ती थोडी थोडी, लागेल तशी गेली होती. शेवटची दोन गेली शनिवारी सकाळनंतर, आणि शनिवारी दुपारी ताईच्या घरी टॅब घेऊन कोण लोळत होतं ते मला चांगलं आठवत होतं. हिलाही आठवत होतं. ती माझ्याकडे बघायला लागली.

४

जिन्यातच माझी उलटतपासणी झाली. मी कबूल केलं, की पोपट उघडून बातम्या वाचता वाचता मला डोळा लागला आणि टॅब छातीवर राहिला. झोपेत बटणं दाबली गेली असतील का? ही म्हणाली, झोपेत माणूस दोन बटणं दाबील, पण नेमकी पंपाची आणि बिस्किटांचीच का दाबील? शिवाय नाव खोडण्याआधी पोपट ‘नक्की?’ म्हणून विचारतो. झोपेत नेमकं ‘हो’वर बोट ठेवण्याइतकी तुमची बोटं हुशार असती तर एव्हाना तुमचा दवाखाना मोठा झाला असता. मी निर्दोष सुटलो, पण अब्रू काही शाबूत राहिली नाही.

भाची गच्चीत उभी होती. तिला वाटत होतं, भाषा बदलताना आपणच काहीतरी बिघडवलं. बाबांचं एवढं जपलेलं सगळं तिच्या उतावळेपणामुळे उद्या विकलं जाणार, हे तिला सहन होत नव्हतं. हिनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि भलतंच विचारलं: घरातलं नेट कसं चालतं?

“उत्तम चालतं मामी. आई उगाच म्हणते हळू आहे म्हणून. परवा म्हणाली, तुझं ते काही येतच नाही, कितीही वाट बघा. मी तपासलं, काही दोष नाही. आणि तिला काय करायचंय नेट? ती टॅबला हातसुद्धा लावत नाही.”

ही लगेच जिन्याकडे वळली. तिचा तो चेहरा मला ओळखीचा आहे. जळालेल्या गोदामात आगीच्या आधीच माल हलवल्याची खूण सापडली की तो असा होतो.

आम्ही ताईकडे गेलो. ती शिलाई मशीनवर पडदे शिवत बसली होती. दार उघडताना तिनं नवं कुलूप दोनदा हलवलं. रंगाऱ्यांच्या गडबडीत जुनं मोडलं होतं. हिनं पडद्याचं दुसरं टोक धरलं आणि दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. मी स्टुलावर बसून ऐकत होतो.

“दोरा सारखा तुटतो गं हल्ली,” ताई म्हणाली. “पूर्वी असा नव्हता.”

हिनं सकाळच्या प्रकाराबद्दल ताईला काय वाटतं ते विचारलं. ताई म्हणाली, ते डिलीट-बिलीट तिला येत नाही आणि कोणाचं काही पुसायचं पाप तिच्या हातून व्हायचं नाही. मग हसून म्हणाली, “आता तू एकेकाची माहिती काढत बसणार, आणि चहा गार होणार.”

“वन्सं, तुम्ही सकाळी म्हणालात, येतील परत. कशावरून?”

ताई दोरा ओवत होती. तिची सगळी नोकरी सार्वजनिक वाचनालयात गेली. बोलण्यात अजून तिथलंच येतं. “अगं, आमच्याकडे कोणी पुस्तक काढलं, की ट्रेमधलं कार्ड जायचं. कार्ड जागेवर नाही म्हणून कोणी चोरी झाली असं ओरडत नसे. काढलंय, म्हणजे येणार. हल्ली माणसांना धीरच नाही.”

हिनं हातातला पडदा खाली ठेवला. मला म्हणाली, “अहो, सगळ्यांना बोलवा. काकांनाही. आणि टॅब चार्ज करा.”

५

संध्याकाळी आम्ही पुन्हा त्याच टेबलाभोवती बसलो. काकांनी विक्रीचे कागद आणले होते; सहीच्या जागी पेन्सिलीनं फुली करून ठेवली होती. ते कागद बघून भाचीनं मान खाली घातली.

हिनं टॅब मध्यभागी ठेवला. पोपट उघडा होता. “कोणावर आरोप करायचा नाही,” ती म्हणाली. “प्रत्येकानं एकच काम करायचं. यादीत चपलांची कंपनी आहे. मला तिची माहिती काढून द्या. आधी काका.”

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, कंपनीच्या नावावर बोट ठेवलं, आणि तिचा भाव, नफा, बातम्या असं सगळं पान उघडलं. त्यांनी टॅब पुढे सरकवला. मास्तरांनीही नावावरच बोट ठेवलं आणि वर आलेखही काढून दाखवला, कोणी मागितला नसताना. भाचीनं तेच केलं. मी तेच केलं. प्रत्येक वेळी ही पान मिटून यादी पुन्हा समोर आणत होती.

“आता वन्सं.”

“मी कशाला,” ताई म्हणाली. “मला कुठे त्यातलं कळतं.”

“तरी बघा तर.”

ताईनं पदराला हात पुसले. चष्मा चढवला. यादीतली चपलांची ओळ तिनं बोटानं शोधली, जशी कपाटातल्या पुस्तकांच्या पाठी वाचत जावं तशी. बोट नावावरून पुढे गेलं, ओळीच्या टोकापर्यंत गेलं, आणि तिनं ‘काढा’ दाबलं.

पोपटानं विचारलं: नक्की काढायचं? ताईनं ‘हो’ दाबलं. पोपट म्हणाला: काढले. चपलांची ओळ यादीतून गेली आणि खालची ओळ वर सरकली.

ताईनं चष्मा सारखा केला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. “येईल आता,” ती म्हणाली. “वेळ लागतो जरा.”

६

 मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. ते हसताहेत हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं. ताई एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

हिनं मग नीट उलगडून सांगितलं. नावं थोडी थोडी गेली, म्हणजे यंत्राचा बिघाड नाही. कोणी तरी फुरसतीनं, रोज घरात वावरणारं. आठवडे सुरळीत गेले आणि भाषा मराठी झाल्यावर नावं उडाली, म्हणजे दोष त्या मराठीत शोधायला हवा होता. पोपट बनवणाऱ्यांच्या मनात ‘काढा’ म्हणजे काढून टाका. काकांच्या मनातही तेच. ‘मला नावं काढायची असती तर’ असं ते सकाळी बोललेच. पण आपल्या भाषेत माणूस चित्र काढतो, फोटो काढतो, वाचनालयातून पुस्तक काढतो, आणि चौकशी करायची तर माहिती काढतो. ज्या सॉफ्टवेअरचं कामच माहिती काढणं, त्यात ओळीसमोर ‘काढा’ दिसलं, तर वाचनालयात जन्म काढलेल्या बाईनं काय समजायचं? नाव गेलं, म्हणजे कोणी तरी आत कपाटापाशी गेलंय. येईल. नाही आलं, म्हणजे नेट हळू आहे.

“आणि त्या पाचच का?” मास्तरांनी विचारलं.

“कारण ज्या कंपन्यांबद्दल वन्संना काही जाणून घ्यायचं होतं, त्याच गेल्या. त्यांचा आठवडा बघा. रंगारी आले, कुलूप मोडलं, दोरा तुटायला लागला, इमारतीचा पंप बदलला, दुकानात नेहमीची बिस्किटं मिळेनात. समान धागा कंपन्यांमध्ये नव्हता मास्तर, या घरात होता.”

ताईचा चेहरा लाल झाला. “म्हणजे मीच सगळ्या पुसल्या?” तिला इतकं वाईट वाटलं की भाची उठून तिच्या गळ्यात पडली आणि हसू लागली. गेलेली सगळी नावं चहा उकळायच्या आत परत आली, खऱ्या खात्यातून उचलता येतात ती.

काका मात्र हसले नव्हते. त्यांनी विचारलं, “वहिनी, तुम्हाला माहिती कशाला हवी होती? तुम्ही तर सही करणार होतात.”

ताईनं टेबलावरचे विक्रीचे कागद सरळ केले. मग म्हणाली, “सही करणारच होते. पण काय विकतोय ते न वाचता सही करायची लाज वाटायला लागली. रंगारी म्हणाला त्या कंपनीचा रंग चांगला. प्लंबर म्हणाला, या पंपांत आता पूर्वीचा जीव नाही, तो दुसऱ्याच कंपनीचे बसवतो. म्हटलं, खरं की खोटं, बघावं तरी.”

“मग बघू या,” ही म्हणाली, आणि तिनं भिंग उघडलं.

पुढचा तास फार मजेत गेला. रंगारी बरोबर निघाला. बिस्किटांबद्दल ताईचा अंदाज साफ चुकला. तिला वाटलं कंपनी बुडतेय, पण विक्री वाढतच होती, दुकानदाराला फोन केल्यावर कळलं, त्याचंच वितरकाशी वाजलं होतं. दोऱ्याबद्दल काही नक्की कळेना. आणि पंप? पंपाची विक्री वर्षांमागून वर्षं घसरत होती आणि कर्ज चढत होतं. मास्तरांनी आलेख मोठा करून दाखवला. ताईनं तो इंग्रजी तक्ता ओळीओळीनं वाचला. तुला कसं समजतं, असं भाचीनं विचारल्यावर ती म्हणाली, इंग्रजी पुस्तकांचं कपाट काय तुझा बाप सांभाळत होता?

मग तिनं आपला निर्णय सांगितला. सॉफ्टवेअर भिंग घ्यायचं. “कोणी काय केलं ते हे टिपून ठेवतं ना? मग हेच. मी आता पुष्कळ चुका करणार आहे, त्या दिसायला हव्यात.” शेअर सगळे विकायचे नाहीत. फक्त पंप विकायचा, उद्या सकाळी.

भाची काही बोलणार होती, पण तिच्या आधी काका बोलले. “पंप नको,” ते म्हणाले. “वहिनी, बाकी काहीही विका. तो दादानं सगळ्यांत आधी घेतलेला. त्याचा लाडका होता.”

“भावजी, सकाळी तर तुम्ही सगळंच विकायला निघाला होतात.”

काकांनी चष्मा काढला. आवाज सांभाळत त्यांनी सांगितलं, की रोज सकाळी ती यादी उघडली की दादा समोर बसल्यासारखा वाटायचा आणि दिवसभर कशात लक्ष लागायचं नाही. एकदाचं सगळं विकून टाकलं तर सुटका होईल असं त्यांना वाटलं होतं. पण एकटा पंप जाणार म्हटल्यावर तेही नकोसं झालं. ते कंटाळलेत असंच आम्ही सगळे समजत होतो. मला स्वतःचाच राग आला.

ताई हळूच म्हणाली, “त्यांनी घेतला तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. ते असते तर त्यांनीच विकला असता, आणि तुम्हाला न सांगता. आता बघायचं काम माझं.”

काकांनी विक्रीचे कागद गोळा केले, त्यांतला पंपाचा तेवढा बाजूला ठेवला आणि बाकीचे फाडले. दाराशी जाऊन ते थांबले. मोटार चालवायला शिकलेला माणूस शेवटच्या दिवशी गाडीतून उतरला की ते ज्या नजरेनं बघतात, तसे ते ताईकडे बघत होते.

“तुम्हीच बघणार म्हटल्यावर,” ते म्हणाले, “माझं आता इथे काय काम?”

“काही नाही,” ताई म्हणाली. “काम नसताना यायला लागा. रविवारी जेवायलाच या.”

काकांनी मान हलवली आणि पायात घातलेले बूट परत काढले. तो रविवार अजून संपला नव्हता.